एमएसडब्ल्यू करून थेरपी शिकता येते का? आणि त्या 'मूल्यां'चं नेमकं करायचं काय?

प्रश्न विचारणारीनं बरंच मोठं लिहिलंय, ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलगी नाशिकची, बीए सायकॉलॉजी झालंय, पुढं लोकांशी बोलायचं काम करायचंय, क्लिनिकल सोशल वर्क नावाचं काहीतरी असतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर डिग्रीचा, सिलॅबस उघडला तर त्यात मूल्यं, तत्त्वं, सामाजिक न्याय, मानवी हक्क यांचाच भरणा. ती विचारतेय थेरपी नेमकी कुठल्या सेमिस्टरला शिकवतात, आणि म्हणते की पाठ करून मूल्यं येत नाहीत, मग सामाजिक न्याय आणि असलं काहीतरी शिकायचं कशाला. एका सीनियरनं सांगितलं की फिल्डवर्क म्हणजे दोन वर्षं हॉस्पिटलात फॉर्म भरायचे. आणि मावशी म्हणते समाजसेवेला डिग्री कशाला लागते, ती तर आपले देशमुखकाका पण करतात.

तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना, माझ्याकडं फिल्डवर्कला येतात त्या मुली तुझ्याच वयाच्या असतात. मी बावीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात आहे, कागदावर माझं पद समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय), पण पेशंटसाठी मी 'बिल कमी करणाऱ्या म्याडम', आणि रेसिडेंट डॉक्टरांसाठी 'एमएसडब्ल्यूला कॉल करा' यातली एमएसडब्ल्यू. डिग्रीचं नाव माणसाला लागतं असा हा एकच धंदा असेल, एमबीबीएसला कॉल करा असं कुणी म्हणत नाही.

तुझा प्रश्न सिलॅबसचा वाटतोय पण तसा तो नाहीये. तू विचारतेयस की थेरपी कुठल्या सेमिस्टरला शिकवतात, आणि खरं विचारायला हवं ते असं की हे शिक्षण दोन वर्षांत माझ्या बघण्यात काय बदल करणार. कारण टेक्निक पुढं पण शिकता येतं, कोर्सेस ढीगभर आहेत. बघणं एकदा चुकीचं बसलं की टेक्निक त्याच चुकीच्या बघण्याला कामाला लागतं. हे नुसतं बोलून कळायचं नाही, एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चौदा वर्षांची मुलगी, टाइप वन डायबेटिस, शुगर वाढून सहा महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट. केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द, अर्थ असा की सांगितलेलं ऐकत नाहीत. माझ्याकडं तेव्हा फर्स्ट इयरची एक विद्यार्थिनी होती, हुशार, कॉलेजात पहिली वगैरे, तिला पाठवलं आईशी बोलायला. आमच्यात प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणून प्रकार असतो, मुलाखत झाली की आठवून आठवून सगळा संवाद वहीत लिहायचा, ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, आणि बाजूला समास सोडून तिथं लिहायचं की त्या क्षणी मला आतून काय वाटलं. तिनं पाच पानं लिहिली होती, अक्षर मोत्यासारखं. शेवटचं वाक्य होतं, 'आईला आजाराचे गांभीर्य पटवून दिले. आईने मान हलवली.' आणि समासात, 'आई निष्काळजी वाटते.'

मी 'मान हलवली' याला लाल पेनानं गोल केला आणि विचारलं, कशी हलवली? ती म्हणाली म्हणजे काय मॅडम, हलवली. म्हटलं करून दाखव. तिनं करून दाखवली आणि स्वतःच थांबली, कारण ती 'पटलं' वाली मान नव्हती, 'सोडा आता मला' वाली होती. मग म्हटलं पाच पानांत तुझी वाक्यं मोज आणि तिची मोज. हिची एकतीस होती, आईची नऊ, त्यातली चार नुसती 'हो म्याडम'.

पुढच्या वेळी ती फक्त एक प्रश्न घेऊन गेली, इन्सुलिन ठेवता कुठं. घरात फ्रिजच नव्हता. बाटली शेजारच्या भाभीच्या फ्रिजात, भाभीशी नळावरनं भांडण झालेलं, त्यामुळं सकाळी तिच्या दारात उभं राहायचं म्हणजे रोज पोरीसमोर अपमान गिळायचा. कधी भाभी गावाला, दाराला कुलूप. यात निष्काळजी कोण होतं सांग बरं? आमच्या सिस्टरनी मग मडक्याची पद्धत दाखवली, मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात बाटली, वर ओलं फडकं. माझी विद्यार्थिनी एवढी खूश झाली की तिनं रेकॉर्डिंगमध्ये चक्क 'समस्या सुटली' असं लिहून खाली रेघ मारली.

तीन आठवड्यांनी शुगर परत वर. मडकं व्यवस्थित, वाळू ओली, बाटली गार, आणि मुलगी सुई घेत नव्हती. इथं तुझी थेरपी सुरू होते बघ. त्या पोरीला कुणी विचारलंच नव्हतं की चौदाव्या वर्षी मैत्रिणींच्या समोर डबा खायच्या आधी शाळेच्या त्या घाणेरड्या संडासात जाऊन पोटाला टोचून घ्यायचं म्हणजे कसं वाटतं, आणि हे आयुष्यभर, बरं होणार नाही, हे तिला सांगितलं कुणी आणि कोणत्या शब्दांत. पहिल्या दोन भेटीत ती बोललीच नाही, नखं कुरतडत बसली. तिसऱ्यांदा म्हणाली, 'मी मेले तर आईला भाभीकडं जायला नको.' चार महिने चाललं ते काम, दर आठवड्याला. शाळेच्या बाईंशी बोलणं, स्टाफरूममध्ये सुई घेऊ द्या म्हणून, ते पण त्यातच आलं.

आता सांग, यातलं क्लिनिकल कुठलं आणि सोशल कुठलं? नुसतं मुलीशी बोलत बसलो असतो तर मडकं राहिलं असतं, आणि मडक्यावर थांबलो तेव्हा मुलगी राहिलीच होती. माणूस आणि त्याची परिस्थिती एका नजरेत धरायची सवय लावणं, माझ्या मते या शिक्षणाचा मुख्य हेतू हाच. एमए सायकॉलॉजीत माणसाच्या आतलं फार बारकाईनं शिकवतात, टेस्टिंग शिकवतात, ते आम्हाला तेवढं येत नाही हे मी मोकळेपणानं मान्य करते. पण भाभीचा फ्रिज दिसायला आमचं ट्रेनिंग लागतं. आपल्याकडं याची सुरुवातच तशी झालीय. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, आजचं टीआयएसएस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), ते ज्यांच्या पुढाकारानं निघालं ते अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट आधी नागपाड्यात वस्तीत नेबरहूड हाउस, म्हणजे वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र, चालवत होते. जेजे हॉस्पिटलात पहिली मेडिकल सोशल वर्कर नेमली ती 1946 ला. म्हणजे आधी वस्ती, मग वॉर्ड, हा क्रम मला तरी बरोबर वाटतो.

तुझ्या सीनियरच्या फॉर्मबद्दल. अर्धं खरं आहे. आमच्याकडं सकाळी दहा ते एक नुसती रांग असते, महात्मा फुले योजनेचं, रेशनकार्ड पिवळं की केशरी, उत्पन्नाचा दाखला, आधार. पण नीट बसून फॉर्म भरला तर त्याच्यासारखी मुलाखत नाही. 'कार्डावर नाव कुणाचं आहे?' एवढाच प्रश्न विचारला की बाई गप्प होते, मग कळतं की कार्ड नवऱ्याच्या गावच्या घरी, नवरा चार वर्षं दुसरीकडं राहतोय आणि हे माहेरी कुणालाच माहीत नाहीये. 'तुम्हाला घरगुती त्रास आहे का' असं थेट विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं. मात्र फॉर्म भरून झाल्यावर तुझ्याशी त्यावर कुणी बोलायलाच नसेल, तर तुझ्या सीनियरचं बरोबर आहे, ते फिल्डवर्क नाही, ती फुकटची क्लार्की. आणि अशी कॉलेजं आणि अशी हॉस्पिटलं आहेत, खोटं कशाला बोलू.

मूल्यांचं आता. पहिल्या सेमिस्टरला बिस्टेक नावाच्या अमेरिकन पाद्र्यानं 1957 साली मांडलेली केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, सात तत्त्वं शिकवतात, स्वीकार, निवाडा न करणं, गोपनीयता, स्वयंनिर्णय वगैरे. पोरं ती परीक्षेला पाढ्यासारखी लिहितात, मीही लिहिली होती. पाठ करून मूल्य येत नाही हे तू लिहिलंयस ते शंभर टक्के खरं, पण म्हणून ती बिनकामाची आहेत असं नाही, ती कळतात एकमेकींवर आपटतात तेव्हा.

स्वयंनिर्णय घे. सत्तरीचे एक बाबा, गँगरीन, पाय गुडघ्याखाली काढायचा, बाबा म्हणतात नाही. दोन्ही मुलगे म्हणतात म्याडम तुम्ही समजवा. माझा विद्यार्थी आला, पुस्तकातलं वाक्य घेऊन, की क्लायंटचा निर्णय अंतिम. म्हटलं बरोबर, पण बाबा नाही कशाला म्हणतायत ते तुला माहितेय का? ऑपरेशनला, लंगडं होण्याला, की मुलांवर खर्च पडण्याला? आणि आपल्याकडं 'पोरं ठरवतील ते' हा पण कधीकधी माणसाचा स्वतःचा निर्णय असतो आणि कधीकधी तो निव्वळ लाचारपणा असतो, हा फरक पुस्तकात नाही सापडणार. जयपूर फूट लावलेले एक पेशंट ओपीडीला यायचे, त्यांना बाबांशी गाठ घालून दिली. तरी चार दिवस बाबा नाहीच म्हणाले, पाचव्या दिवशी सही केली. त्या गाठीनं झालं की वेदनेनं, मला आजही सांगता येणार नाही, त्या विद्यार्थ्याला मात्र ते रिपोर्टमध्ये स्वतःच्या नावावर लिहायचं होतं, ते मी खोडलं.

गोपनीयता तर त्याहून अवघड. सोळा वर्षांची मुलगी, पोटात दुखतंय म्हणून आलेली, गरोदर निघते, आणि तुझा हात धरून म्हणते ताई कुणाला सांगू नका. तू म्हणालीस नाही सांगणार, तर तू खोटं बोललीस, कारण पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 खाली असं काही कळलं की कळवावंच लागतं, नाही कळवलं तर कलम 21 खाली शिक्षा आहे. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2022 च्या निकालात गर्भपाताच्या बाबतीत डॉक्टरांना थोडी वाट दिली, मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव-ओळख उघड करायची गरज नाही अशी, पण ती सगळ्यांसाठी आणि सगळ्या प्रसंगांसाठी नाही. म्हणून मी मुलांना शिकवते की वचन द्यायचं ते मुलाखतीच्या सुरुवातीला आणि मापात, 'तू सांगशील ते मी चघळत बसणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुझं वय अठराच्या आत असून असं काही झालं असेल तर मला काही लोकांना सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुला सांगेन.' हे ऐकून काही मुली गप्प होतात. होऊ देत. फसवून बोलतं केलेलं मला नको.

आणि सामाजिक न्याय, ज्याला तू 'असलं काहीतरी' म्हटलंयस. गावाकडून आलेल्या पेशंटला आपल्यातलं कुणीही पहिल्यांदा काय विचारतं? नाव. मग? 'पूर्ण नाव सांगा.' म्हणजे आडनाव. आडनाव ऐकल्यावर आपल्या आवाजात जो बारीक बदल होतो ना, मऊ होतो किंवा कोरडा होतो, तो आपल्याला ऐकू येत नाही, समोरच्याला बरोब्बर ऐकू येतो, तो आयुष्यभर तेच ऐकत आलेला असतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं हे समासात स्वतःहून लिहिलं होतं, 'आडनाव कळल्यावर मी पाण्याची बाटली उचलून बाजूला ठेवली, का ठेवली माहीत नाही.' सेकंड इयरला लिहिलं, फर्स्ट इयरला तिच्याच्यानं ते लिहून झालं नसतं. माझ्या लेखी त्या एका ओळीसाठी दोन वर्षांची फी वसूल झाली.

स्वतःकडं बघणं हे असं असतं, आणि ते एकट्यानं होत नाही, कुणीतरी दाखवायला लागतं. मी स्टुडंट असताना व्यसनमुक्ती वॉर्डात होते. बायकांच्या मुलाखती मी मन लावून घ्यायची, पुरुष पेशंटचं रेकॉर्डिंग पण वेळेवर द्यायची, मला वाटायचं सगळं छान चाललंय. एका शनिवारी माझ्या सुपरवायझरनी काही न बोलता टेबलावर माझ्या वह्या दोन ढिगांत लावल्या. बायकांची रेकॉर्डिंग्ज सहा-सहा, सात-सात पानी, पुरुषांची प्रत्येकी एक पान, एक तर अर्धंच. 'पानं मोज' म्हणाल्या आणि चहा सांगायला उठून गेल्या. माझ्या घरात कोण प्यायचं हे त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की याच्यासाठी तू बाहेर कुणाकडं तरी जा, इथं मी तुझी सुपरवायझर आहे, आणि सोमवारी बेड नंबर अकराशी बोल, सहा पानं आण. माझ्या विद्यार्थिनीला मी वाक्यं मोजायला लावली ती युक्ती माझी नाहीच, त्यांचीच चोरलेली.

म्हणून कॉलेज कसं निवडायचं यावर माझं मत एकच आहे, सुपरव्हिजन बघ. बिल्डिंग नको बघू, प्लेसमेंटचा बोर्ड नको, फार कशाला नाव पण दुय्यम. आठवड्याला दोन दिवस फिल्डवर्क जवळपास सगळीकडं असतं, पण त्यावर दर आठवड्याला एकास एक बसून आयसी, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, होते का, किती वेळ होते, घेणारा माणूस स्वतः कधी केस हाताळलेला आहे का. एका शिक्षकाकडं किती मुलं आहेत हे बिनधास्त विचार. आठ-दहा असतील तर वह्या वाचून होतात, पंचवीस असतील तर नुसत्या सह्या होतात. आणि जिथं जाशील तिथल्या सेकंड इयरच्या कुणालातरी वही दाखवायला सांगू नकोस, त्यात पेशंटचं असतं, पण एवढं विचार की सरांनी-मॅडमनी शेवटचा शेरा काय मारला होता. 'छान', 'पाहिले', नुसती सही असं उत्तर आलं तर विचार कर. 'मान कशी हलवली' टाइपचं काही आठवून सांगितलं तर फॉर्म भर.

थेरपीचं सरळ उत्तर पण देऊन टाकते नाहीतर म्हणशील टाळलं. साध्या एमएसडब्ल्यूनंतर तू थेरपिस्ट होत नाहीस, मदत करणारी मुलाखत नीट घेता येते एवढी होतेस, ते कमी नाहीये पण ते तेवढंच आहे. बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं आणि दुसऱ्या वर्षी मेडिकल-सायकियाट्रिक किंवा मेंटल हेल्थ असं स्पेशलायझेशन असतं, तुला तेच हवं. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये सायकियाट्रिक सोशल वर्करची जी व्याख्या आहे त्यात सोशल वर्कच्या पदव्युत्तर डिग्रीवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल लागतं, देखरेखीखालच्या क्लिनिकल ट्रेनिंगसकट. ते बंगळूरची निमहान्स, रांचीची सीआयपी, तेजपूरची संस्था अशा मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थांत चालत आलंय. आता गोची अशी की यूजीसीनं 2022 च्या नियमांत एम.फिल बंद केलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि पीएसडब्ल्यू (सायकियाट्रिक सोशल वर्क) या दोघांना 2025-26 पर्यंत मुदतवाढ दिली, त्यामुळं तू पोचशील तेव्हा कोर्सचं नाव आणि स्वरूप काय असेल ते त्या-त्या संस्थेच्या प्रवेश पत्रकावरूनच बघ, व्हॉट्सॲप ग्रुपवर विश्वास ठेवू नको. 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत क्लिनिकल, सायकियाट्रिक आणि मेडिकल सोशल वर्कर हे शब्द आलेत, ही चांगली गोष्ट. अमेरिकेत क्लिनिकल सोशल वर्करला राज्याचं लायसन्स असतं आणि तिथं थेरपीचं मोठं काम हेच लोक करतात, आपल्याकडं तसं नाहीये, तिथले व्हिडिओ बघून इथलं गणित मांडू नको.

कुणासाठी हा रस्ता नाही ते पण सांगते. तुला जर शांत खोली, दोन खुर्च्या आणि पन्नास मिनिटं असंच काम करायचं असेल तर एमए क्लिनिकल किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजी बघ, त्यात कमीपणा काही नाही. आमच्याकडं मुलाखत बहुतेक वेळा बेडच्या कडेला उभ्यानं होते, शेजारचा पेशंट कान देऊन ऐकत असतो, मध्येच वॉर्डातली मावशी फरशी पुसायला येते. पगाराचं म्हणशील तर सरकारी कायम पद मिळालं तर बरं चालतं, पण जागा कमी निघतात आणि सुरुवातीची बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर जातात, दर अकरा महिन्यांनी ऑर्डर येईल का या टेन्शनमध्ये. घरची परिस्थिती तुझी तुला माहीत, त्याप्रमाणं ठरव.

तुझ्या मावशीला मात्र वाद घालून पटवत बसू नको. देशमुखकाका चांगलं काम करत असतील, त्यांनी त्या मुलीला कदाचित फ्रिज पण घेऊन दिला असता, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आमचं ते मडकं वस्तीत अजून आहे, मागच्या उन्हाळ्यात ती मुलगी फॉलोअपला आली तेव्हा सांगत होती की आता भाभीच तिच्या सासऱ्यांच्या बाटल्या लाइट गेली की त्यात ठेवायला आणून देते.